ॲप तयार आहे, पण चालवायचं कुठे? वेगळ्या भाषेतलं छोटं ॲप स्वतःच्या सर्व्हरवर आणताना



"दुकानासाठी स्वतःचं वेब ॲप" हा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतोय. "सर, ओळखीच्या मुलाने ॲप बनवून दिलं. त्याच्या लॅपटॉपवर मस्त चालतं. पण त्याने ते एलिक्सर नावाच्या भाषेत लिहिलंय आणि आमचा होस्टिंगवाला म्हणतो, हे आमच्याकडे चालणार नाही. आता काय करू? सगळं परत पीएचपीमध्ये बनवून घेऊ का?"

आधी थेट उत्तर देतो. घाईने परत बनवून घेऊ नका. भाषा कमी लोकांना येते, एवढ्यावरून धंदा अडत नाही. ॲप सुरू कसं करायचं हे फक्त एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर मात्र नक्की अडतो. मग ती भाषा एलिक्सर असो नाहीतर पीएचपी.

मी प्रोग्रामर नाही. बीबीए केलं आणि वह्या-पुस्तकांचं दुकान चालवतो. पण माझ्या दुकानाचं बुकिंग ॲप एलिक्सरमध्येच आहे आणि तीन जून त्यावर काढलेत. पालक शाळा आणि इयत्ता निवडतात, पुस्तकांची यादी आपोआप भरते, संच न्यायला कधी येणार ती वेळ ते ठरवतात. त्यामुळे आज जे लिहितोय ते मालकाच्या खुर्चीत बसून लिहितोय. कोड तुम्हाला लिहायचा नाही. पण काय विचारायचं, हे तुम्हालाच माहीत पाहिजे.

ही एलिक्सर आहे तरी काय?

गोष्ट टेलिफोनपासून सुरू होते. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्लँग ही भाषा तयार करायला घेतली. टेलिफोन एक्स्चेंजसाठी. तिथे अट अशी की एक कॉल बिघडला तरी बाकीचे चालू राहिले पाहिजेत. एका गिऱ्हाइकाशी घोळ झाला म्हणून आपण शटर ओढत नाही ना, तसंच.

पुढे ब्राझीलच्या जोजे वालिम यांनी २०११ मध्ये एलिक्सरवर काम सुरू केलं आणि २०१४ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. लिहायला सोपी, पण आतून अर्लँगच्याच इंजिनवर चालणारी. वेबसाठी तिच्यासोबत फीनिक्स नावाची चौकट वापरतात.

या इंजिनाची ताकद बघायची तर व्हॉट्सॲप बघा. त्यांचे सर्व्हर अर्लँगवर उभे राहिले. २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरला कंपनी घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा महिन्याला ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि इंजिनिअर होते ५० पेक्षाही कमी.

आपल्याकडे ४५ कोटी गिऱ्हाईकं नाहीत, मान्य. पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन-तीनशे पालक एकाच वेळी पान उघडून बसले, तरी माझा छोटासा सर्व्हर दमत नाही. एखादा संच संपला की सगळ्यांच्या स्क्रीनवर लगेच "संपला" दिसतं, पान पुन्हा उघडावं लागत नाही. त्या मुलाने ही भाषा यासाठी निवडली.

आता नाण्याची दुसरी बाजू. १९९५ मध्ये अमेरिकेत पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी व्हायावेब सुरू केलं. छोट्या व्यापाऱ्याने ब्राउझरमध्येच स्वतःचं ऑनलाइन दुकान बनवायचं, अशी ती सोय होती. मुख्य भाग लिहिला होता लिस्प या भाषेत, जी तेव्हाही फार थोडे लोक वापरायचे. नवी सोय झटपट देता येणं ही त्या भाषेची मोठी मदत होती, असं ग्रॅहम यांनी नंतर लिहिलं. १९९८ मध्ये याहूने ती कंपनी घेतली. आणि २००३ मध्ये याहूने दुकान बनवण्याच्या त्या साधनाची नवी आवृत्ती आणली, ती सी प्लस प्लस आणि पर्लमध्ये.

म्हणजे वेगळ्या भाषेने वेग दिला, आणि सांभाळणारे हात बदलल्यावर भाषाही बदलली. तुमच्या ॲपचेही हात कधी ना कधी बदलणारच. त्याची तयारी पहिल्या दिवशी करायची असते.

होस्टिंगवाला "नाही" का म्हणतो?

तो तुम्हाला टाळत नाहीये. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग म्हणजे प्रदर्शनातला स्टॉल. टेबल, लाइट, खुर्ची सगळं तयार, पण ठरलेल्या मालासाठीच. तिथे पीएचपी आधीच बसवलेलं असतं. फाइली टाकल्या की साइट चालू. कोणी पान मागितलं की पीएचपी उठतं, पान देतं आणि काम संपवतं.

एलिक्सरचं ॲप तसं नाही. ते सकाळी उघडलेल्या दुकानासारखं सतत चालू असावं लागतं. त्यासाठी स्टॉल पुरत नाही, स्वतःचा गाळा लागतो. शटर आपलं, कुलूप आपलं, आणि झाडलोटही आपलीच. मार्ग दोन आहेत.

पहिला, व्हीपीएस. म्हणजे मोठ्या सर्व्हरमधला तुमच्यासाठी वेगळा काढलेला भाग. छोट्या ॲपला १ जीबी मेमरी पुरते. खर्च साधारण महिना ४०० ते १,००० रुपये, वर जीएसटी. मुंबई किंवा बेंगळुरूमधला सर्व्हर मिळाला तर तोच घ्या, आपल्या गिऱ्हाइकाला पान लवकर उघडतं.

दुसरा, सांभाळून देणारा प्लॅटफॉर्म. फ्लाय डॉट आयओ, रेंडर, किंवा खास एलिक्सरसाठीच असलेलं गिगालिक्सर. कोड द्यायचा, चालवायचं काम त्यांचं. ॲप वाढलं की हे महाग पडू शकतं आणि बिल डॉलरमध्ये येतं. पण सर्व्हरची देखभाल करावी लागत नाही.

निवड कशी करायची? महिन्यातून एकदा सर्व्हरचे अपडेट बघणारा माणूस आहे का? असेल तर व्हीपीएस. नसेल तर प्लॅटफॉर्म. महिन्याचे ३०० रुपये वाचवायला जाऊन जूनमध्ये दुकान बंद ठेवणं परवडत नाही.

लॅपटॉपपासून सर्व्हरपर्यंत: सात पायऱ्या

काम प्रोग्रामरच करेल. तुम्ही प्रत्येक पायरीला एक प्रश्न विचारायचा.

१. रिलीज. एलिक्सरमध्ये २०१९ च्या १.९ आवृत्तीपासून "मिक्स रिलीज" नावाची सोय भाषेतच आहे. ती ॲप, त्याला लागणारी सगळी पॅकेजेस आणि अर्लँगचं इंजिन एकाच फोल्डरमध्ये बांधून देते. मग सर्व्हरवर एलिक्सर वेगळं बसवावं लागत नाही. लग्नाला जाताना केटरर गॅस, शेगडी, भांडी सगळं टेम्पोत घालून नेतो, तसं. विचारा: "रिलीज बनवतोस, की सर्व्हरवर सगळं हाताने बसवतोस?"

२. बांधणी कुठे केली? इंजिन सोबत असल्यामुळे एक बंधन येतं. रिलीज ज्या जातीच्या मशीनवर बांधलं, त्याच जातीच्या मशीनवर चालतं. विंडोज लॅपटॉपवर बांधलेलं लिनक्स सर्व्हरवर चालणार नाही. नव्या लिनक्सवर बांधलेलं जुन्या लिनक्सवरही अडू शकतं. "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य बऱ्याचदा इथूनच येतं. उपाय म्हणजे डॉकर. फीनिक्समध्ये त्यासाठीची तयार फाइल एका आज्ञेत बनते. आणखी एक, १ जीबीच्या सर्व्हरवरच बांधणी करायला गेलं तर मेमरी कमी पडू शकते, म्हणून बांधणी दुसरीकडे करावी. विचारा: "डॉकरची फाइल कोडसोबत ठेवली आहेस का?"

३. गुप्त चाव्या. डेटाबेसचा पासवर्ड आणि लॉगिन सुरक्षित ठेवणारी "सीक्रेट की बेस" या दोन गोष्टी कोडमध्ये लिहायच्या नाहीत. त्या सर्व्हरवर वेगळ्या ठेवतात आणि ॲप सुरू होताना वाचतं. विचारा: "या चाव्यांची एक प्रत माझ्याकडे कुठे आहे?" त्या व्हॉट्सॲपवर मागू नका. पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, नाहीतर कागदावर लिहून कपाटात.

४. डेटाबेस आणि बॅकअप. ऑर्डरी, फोन नंबर, पत्ते, उधारी, सगळं इथे. बहुतेक फीनिक्स ॲप पोस्टग्रेस वापरतात. रोज रात्री आपोआप बॅकअप झाला पाहिजे, आणि तो त्याच सर्व्हरवर राहता कामा नये. तिजोरीची दुसरी चावी तिजोरीतच ठेवून काय उपयोग? विचारा: "बॅकअपमधून डेटा परत आणून बघितलास का? कधी?" परत आणून न बघितलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका. गिऱ्हाइकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने धंदेवाल्यावर टाकली आहे, हेही लक्षात असू द्या.

५. आपोआप उठणं. सर्व्हर कधीतरी बंद होऊन चालू होतोच. तेव्हा ॲप आपोआप उठलं पाहिजे. लिनक्समध्ये हे काम सिस्टमडी करते, डॉकरमध्येही तशी सोय असते. विचारा: "आत्ता माझ्यासमोर सर्व्हर रीस्टार्ट करून दाखव." दोन-तीन मिनिटांत साइट आपोआप उघडली तर पास.

६. डोमेन आणि कुलूप. डोमेनचं नाव सर्व्हरच्या पत्त्याकडे वळवायचं आणि एचटीटीपीएस लावायचं, म्हणजे ब्राउझरमध्ये "असुरक्षित" असा शेरा येत नाही. कॅडी नावाचा मोफत प्रोग्राम ॲपच्या पुढे बसतो, प्रमाणपत्र स्वतः आणतो आणि मुदत संपायच्या आत स्वतःच बदलतो. इथे फीनिक्सच्या दोन खोड्या माहीत असू द्या. "पीएचएक्स सर्व्हर" हे सेटिंग चालू नसेल तर ॲप सुरू होतं, पण पान उघडत नाही. आणि "पीएचएक्स होस्ट"मध्ये डोमेनचं नाव चुकलं तर पान दिसतं, पण बटणं दाबून काहीच होत नाही. विचारा: "डोमेन कोणाच्या नावावर आहे?" उत्तर "माझ्या" असं त्याच्याकडून आलं, तर आधी ते दुरुस्त करा.

७. घड्याळ. ही पायरी फार जण विसरतात. सर्व्हरची वेळ सहसा यूटीसीमध्ये असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. एलिक्सरमध्ये मुळात यूटीसी हीच एक वेळ-पट्टी येते, भारतीय वेळेसाठी वेगळं पॅकेज जोडावं लागतं. ते नसेल तर रात्री १२ ते पहाटे ५:३० मध्ये आलेली ऑर्डर आदल्या दिवसाच्या तारखेला पडते. माझ्याकडे पालक मुलं झोपल्यावर रात्री साडेबाराला बुकिंग करतात. डबा पुरवणाऱ्या ताई असतील तर त्यांची पहाटेची "आज डबा नको" ही नोंद कालच्या यादीत जाईल आणि आजचा डबा फुकट. विचारा: "रात्री एक वाजता ऑर्डर टाकून तारीख बघितलीस का?"

"दादा, सोमवारी जॉइन होतोय"

माझं ॲप बनवणारा मुलगा आमच्या शेजारचाच. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याने ते बनवलं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात दुकानात आला आणि म्हणाला, "दादा, बेंगळुरूला नोकरी लागली. सोमवारी जॉइन होतोय."

"अरे वा! पेढे कुठे आहेत? आणि ॲपचं काय?"

"कागद दिलाय ना तुम्हाला. कोणालाही द्या, होईल."

पुढच्याच आठवड्यात सर्व्हर कंपनीचा ईमेल आला. आमचा सर्व्हर ज्या मशीनवर होता ते मशीन बंद होणार, ठरलेल्या तारखेच्या आत दुसरीकडे हलवा. शाळा उघडायला तीन आठवडे आणि बुकिंग नुकतंच सुरू झालेलं.

गावात एक ताई वेबसाइटची कामं घेतात. पीएचपी आणि पायथन त्यांना चांगलं येतं, एलिक्सर कधी बघितलेलंही नव्हतं. त्यांना मी तीन गोष्टी दिल्या. कोडचा पत्ता, आदल्या रात्रीचा बॅकअप आणि तो कागद. संध्याकाळी सहाला बसल्या. नव्या सर्व्हरवर आधी तात्पुरत्या नावाने ॲप उभं केलं. पान उघडलं, याद्या दिसल्या, पण बटणं चालेनात. बेंगळुरूला एक फोन लावला. तो म्हणाला, "ताई, पीएचएक्स होस्टमध्ये जुनंच नाव असेल." तसंच होतं. साडेनऊपर्यंत सगळं नव्या जागी सुरू. ती ओळ ताईंनी लगेच कागदावर वाढवली.

एलिक्सरची एक ओळही न लिहिता त्यांनी ॲप हलवलं, कारण कोड बदलायचा नव्हता, फक्त जागा बदलायची होती. नवी सोय हवी असेल तर भाषा येणारा माणूस लागेल, तो शोधायला वेळ जाईल आणि पैसेही जास्त लागतील. पण दुकान चालू ठेवून शोधणं वेगळं आणि दुकान बंद पडल्यावर शोधणं वेगळं.

त्या कागदावर काय असतं?

एकच पान, साध्या भाषेत:

– कोड कुठे आहे आणि ते खातं कोणाच्या ईमेलवर आहे
– सर्व्हर कुठल्या कंपनीचा, बिल कधी, कोणत्या कार्डावर
– डोमेन कुठून घेतलं, मुदत कधी संपते
– गुप्त चाव्यांची नावं आणि त्या कुठे ठेवल्यात (चाव्या स्वतः या कागदावर लिहायच्या नाहीत)
– एलिक्सर, अर्लँग आणि पोस्टग्रेस कोणत्या आवृत्तीचे
– नवी आवृत्ती चढवायच्या आज्ञा, क्रमाने
– नवी आवृत्ती बिघडली तर जुनीवर परत कसं यायचं
– बॅकअप कुठे जातो, परत कसा आणायचा
– ॲप बंद पडलं तर आधी काय बघायचं

शेवटचा हप्ता कधी द्यायचा?

आता धंद्याची गोष्ट. ॲपचे पैसे आपण सहसा तीन हप्त्यांत देतो. शेवटचा हप्ता "ॲप चालू झालं" यावर देऊ नका. "दुसऱ्या माणसाने चालू करून दाखवलं" यावर द्या.

पद्धत सोपी आहे. एका दिवसासाठी नवा व्हीपीएस घ्या. बऱ्याच कंपन्या तासावर पैसे लावतात, त्यामुळे खर्च चहा-नाश्त्याइतका. ॲप न बनवलेला कोणीही प्रोग्रामर बसवा, त्याच्या वेळेचे पैसे द्या. त्याच्या हातात कोड, बॅकअप आणि कागद. मूळ प्रोग्रामर शेजारी बसेल, पण कीबोर्डला हात लावणार नाही. जिथे गाडी अडेल तिथे कागदात ओळ वाढवायची. ॲप उभं राहिलं, कालच्या ऑर्डरी त्यात दिसल्या, की सर्व्हर बंद करून टाका आणि हप्ता द्या.

ही अट कामाच्या आधीच सांगा. चांगला प्रोग्रामर रागावत नाही. उलट रात्री-अपरात्री आपल्याला फोन येणार नाही म्हणून त्याला बरंच वाटतं.

कधी "नको" म्हणायचं?

फक्त मालाचे फोटो, पत्ता आणि फोन नंबर दाखवायचा असेल तर ॲपच नको, साधी वेबसाइट पुरे. प्रोग्रामर स्वतःच ती भाषा पहिल्यांदा शिकत असेल आणि तुमचं दुकान ही त्याची प्रयोगशाळा असेल, तरी नको. आणि "कागद कशाला, मी आहे ना" असं कोणी म्हणालं, तर भाषा जगात सर्वात लोकप्रिय असली तरी नको.

आजचं काम दहा मिनिटांचं. डोमेन, सर्व्हर आणि कोड ही तीन खाती कोणाच्या ईमेलवर आहेत ते बघा. तिन्ही तुमच्या ईमेलवर असतील तर कागद लिहायला घ्या. एक जरी दुसऱ्याच्या नावावर असेल, तर आजच प्रेमाने फोन करून ते आपल्या नावावर करून घ्या. संबंध चांगले असतात तेव्हाच ही कामं पटकन होतात.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा वाढवत राहा!